राजाला घातलेली हाक

थेम्स नदीच्या काठी एका बुरुजाच्या खिडकीत इंग्लंडच्या राजाचा खजिनदार बसला आहे. साल ११७७, गादीवर दुसरा हेन्री. खजिनदाराचं नाव रिचर्ड फिट्झनील. शिष्य त्याला विचारतो, तुम्हाला हिशेबाची एवढी माहिती, मग ती लिहून का ठेवत नाही? फिट्झनीलने आपल्या लॅटिन ग्रंथाचा आरंभ या प्रसंगाने केला आहे आणि पुढचा सगळा ग्रंथ गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत रचला आहे. उपनिषदांपासून ही रीत आपल्या परिचयाची आहे. सुरुवातीलाच शिष्य एक साधा प्रश्न विचारतो: या कचेरीला हे नाव का पडलं?

प्रश्न रास्त होता. राज्याचा सगळा वसूल जिथे तपासला जाई, त्या कचेरीचं लॅटिन नाव होतं ‘स्कॅकेरियम’, म्हणजे बुद्धिबळाचा पट. फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’, इंग्रजीत पुढे ‘एक्स्चेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. शब्दाचा माग काढला तर त्याची पदवी होते बुद्धिबळाच्या पटाचा चॅन्सेलर.

‘चेक’ हा आपल्या रोजच्या तोंडातला इंग्रजी शब्द याच पटावरून उठला आहे. आपण कागद चेक करतो, बँकेत चेक भरतो, चेक्सचा शर्ट घालतो, गाडीत चेकर आला की तिकीट काढून दाखवतो आणि पटावर राजा कोंडला की ‘चेकमेट’ म्हणतो. हे पाच वेगळे शब्द वाटतात, पण आहे तो एकच शब्द. आणि तो आपल्या मराठीत इंग्रजांच्या कितीतरी आधी दुसऱ्या वेशात येऊन राहिलेला होता.

त्यासाठी फिट्झनीलच्याही मागे जायला हवं. बुद्धिबळ हिंदुस्थानात जन्मलं. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगं. इथून ते सासानी इराणात गेलं आणि ‘चत्रंग’ झालं. इराणी कवी फिर्दौसीने ‘शाहनामा’त कथा सांगितली आहे. हिंदुस्थानच्या राजाने इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारी हा खेळ नियम न सांगता पाठवला, आणि वजीर बुजुर्गमेहेरने एकट्याने विचार करून तो उलगडला. कथा म्हणूनच ती वाचायची, पण खेळ कुठून कुठे गेला हे इराणी परंपरेला पक्कं ठाऊक होतं, एवढं तिच्यातून कळतं. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं. अरबीत ‘च’ नाही, ‘ग’ नाही, म्हणून ‘चत्रंग’चं ‘शतरंज’ झालं.

खेळाला इराण्यांनी एक शिष्टाचार जोडला, आणि या लेखाचा सगळा भार त्या शिष्टाचारावर आहे. समोरच्या राजावर मारा बसला की गुपचूप राजा उचलायचा नाही, आधी मोठ्याने हाक द्यायची: ‘शाह!’ म्हणजे राजा. महाराज, आपल्यावर संकट आहे, सांभाळा. बेसावध राजा नुसत्या नजरचुकीने मरू नये, डाव पोरकटपणे संपू नये, यासाठी ही हाक. पुढे राजाला हलायला घरच उरलं नाही की ‘शाह मात’. ‘मात’चा अर्थ ‘मेला’ असा बरेच जण सांगतात, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे तो मेला. पण फारसीत तो शब्द हतबल, निरुपाय झालेला अशा अर्थाचा आहे. मला फारसी अर्थच खेळाशी जुळणारा वाटतो. बुद्धिबळात राजाला कधीच मारत नाहीत. त्याच्यापुढे वाट उरत नाही आणि डाव तिथे थांबतो.

मराठीने ही हाक फारसीतून जशीच्या तशी उचलली. शह देणे, शहाला काटशह, शह-काटशहाचं राजकारण. ‘मात’ तर आपण इतकी आपलीशी केली की तिच्यामागचा पट आता दिसतही नाही. आजारावर मात केली, संकटावर मात केली असं म्हणताना पटावरचा कोंडलेला राजा कुणाच्या डोळ्यांपुढे येतो? जुने खेळाडू प्यादेमातीचं कौतुक सांगतात, कारण सगळ्यात हलक्या सोंगटीने राजाला निरुपाय करणं मोठं मानाचं. आणि ज्या ‘शाह’पासून बादशहा, पातशहा हे शब्द आले, तो जुन्या इराणी भाषेतल्या राज्य करणे या अर्थाच्या धातूचा, आपल्या ‘क्षत्र’ शब्दाच्या कुळातला आहे. क्षत्रिय आणि चेक हे लांबचे भाऊबंद आहेत.

तीच हाक अरबांबरोबर पश्चिमेकडेही निघाली होती. स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने खेळ युरोपात शिरला. दहाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्नच्या मठात त्याच्यावर एक लॅटिन पद्य लिहून ठेवलेलं सापडतं. लॅटिन जिभेला शेवटचा ‘ह’ पेलेना, तिथे ‘क’ आला आणि ‘शाह’चा ‘स्कॅकस’ झाला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. ‘एशेक’चं अनेकवचन ‘एशे’, त्यावरून ‘चेस’. इंग्रजीतलं बुद्धिबळाचं नाव म्हणजे ‘शह’चं अनेकवचन आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी मात्र अरबी नाव धरून ठेवलं. पोर्तुगीजमध्ये ‘शाद्रेझ’ म्हणजे बुद्धिबळ आणि चौकड्यांचं कापडही. त्या शब्दात अजून चतुरंग आहे.

आता फिट्झनीलच्या टेबलाशी परत येऊ.

टेबल दहा फूट लांब, पाच फूट रुंद. चारही बाजूंना चार बोटं उंचीची कड, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळून पडू नये. त्यावर दरवर्षी ईस्टरच्या बैठकीला नवं विकत घेतलेलं काळं कापड, आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने आखलेल्या रेघा. रेघांमुळे उभे रकाने पडत. उजवीकडून पहिला पेन्सचा, मग शिलिंगांचा, पौंडांचा, विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा आणि शेवटी दहा हजारांचा. त्या रकान्यांत चकत्या मांडून हिशेब होई.

समोर बसलेला असे शेरीफ. हा परगण्याचा कारभारी. राजाच्या जमिनींचा वसूल, दंड, देणी गोळा करून खजिन्यात भरणं त्याचं काम. त्याची तुलना आपल्याकडच्या जुन्या मामलतदाराशी करता येईल. वर्षातून दोनदा त्याला यावं लागे. ईस्टरला अर्धी रक्कम भरायची आणि मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेर, पूर्ण झाडा द्यायचा. मोजणारा कारकून टेबलाच्या लांब बाजूला मधोमध बसे, सगळ्यांना त्याचे हात दिसावेत असा. वरच्या ओळीत येणं, खालच्या ओळीत भरणा. खजिनदार एकेक कलम वाचे, चकत्या सरकत, वरून खालचं वजा होई. काहीच उरलं नाही तर शेरीफ सुटला. उरलं आणि त्याच्याकडे उत्तर नसलं, तर तिथूनच त्याची रवानगी अटकेत.

शिष्याच्या प्रश्नाला फिट्झनीलने दोन उत्तरं दिली. पहिलं वरवरचं: टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. दुसरं खोलातलं. पटावर जशा पायरीपायरीच्या सोंगट्या असतात आणि प्रत्येकीची चाल नेमलेली असते, तसे इथले अधिकारीही आपापल्या नियमांनी बांधलेले आहेत. आणि पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. बाकीचे बघतात आणि निवाडा देतात.

महसुलाच्या कचेरीचा मुख्य अधिकारी आपल्या कामाला लढाई म्हणतो आणि ती नियमांनी खेळायची म्हणतो, ही बाराव्या शतकातली गोष्ट आहे. त्या काळच्या राज्यांत तलवारीच्या जोरावर वसूल करणारे पुष्कळ होते. इथे हिशेब उघड्यावर होता, साक्षीदारांसमोर होता, आणि वाचता न येणाऱ्या शेरीफलाही डोळ्यांनी दिसेल असा होता. इराणी शिष्टाचार आठवा. मारा करण्याआधी मोठ्याने सांगायचं. मला हे टेबल त्याच हाकेचं राज्यकारभारातलं रूप वाटतं.

कागदपत्रांतही तीच दक्षता. नोंदी मेंढीच्या कातड्यावर करायच्या, कारण त्यावर खाडाखोड केली की ती लपत नाही, हे फिट्झनीलने मुद्दाम सांगितलं आहे. या नोंदींच्या गुंडाळ्यांना ‘पाइप रोल’ म्हणत. हाती असलेली सर्वांत जुनी ११३० सालची आहे आणि ही परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. हिंदुस्थानातून निघालेला खेळ इंग्लंडच्या तिजोरीला आपलं नाव देऊन बसला होता, पण त्याच वाटेने निघालेलं शून्य अजून तिथे पोचलं नव्हतं. काही मोजक्या विद्वानांना अरबांमार्फत आपले अंक कळले होते. इटलीच्या फिबोनाचीने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला तो १२०२ साली. खजिन्यात मात्र आकडे रोमन, आणि रोमन आकड्यांनी बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे हातपाय बांधून पोहणं. म्हणून तर चकत्यांचा पट लागला. तिथे शून्य लिहायचं नसे, त्या जागी रकाना रिकामा राहायचा.

भरलेल्या पैशाची पावती लाकडाची असे. हेझलच्या झाडाची वीतभर काठी, तिच्यावर खाचा. खाचांची मापं ठरलेली: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. पेनीला नुसती चीर, लाकूड काढायचं नाही. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढच्या हिशेबाला दोन्ही भाग जुळवायचे. खाचेला खाच आणि लाकडाच्या रेषेला रेषा जुळली तर पावती खरी. रतिबाच्या दुधाच्या रेघा भिंतीवर ओढणारा गवळी आणि तशाच रेघा आपल्या दारामागे ओढणारी गृहिणी यांना ही युक्ती समजावून सांगावी लागली नसती. खजिन्याकडच्या तुकड्याला ‘फॉइल’ म्हणत. ‘काउंटरफॉइल’ हा शब्द त्याच घराण्यातला, आपण त्याला ‘स्थळप्रत’ म्हणतो.

‘शह’ या हाकेचा ‘तपासणे’ हा अर्थ एका दिवसात झाला नाही. आधी पटावरचा हल्ला. मग कोणताही अडथळा, कारण शह बसला की राजाला बाकी सगळे बेत सोडून थांबावं लागतं. मग आवर घालणं, ताबा ठेवणं. आणि ताबा ठेवायचा तर मूळ नोंदीशी ताडून पाहायला हवं, म्हणून तपासणं. चौकड्यांच्या कापडाचा ‘चेक’ वेगळ्या वाटेने, पटाच्या रूपावरून आला. ‘एक्स्चेकर’मधला ‘एक्स’ मात्र पंडितांच्या चुकीतून आला. फ्रेंच ‘एशेकिए’मधल्या सुरुवातीच्या ‘ए’ला त्यांनी लॅटिन उपसर्ग समजून सुधारून घेतलं.

कागदाच्या चेकची कथा लंडनच्या सोनारांपासून आणि दस्तलेखकांपासून सुरू होते. सतराव्या शतकात श्रीमंत लोक आपली रोकड त्यांच्याकडे ठेवू लागले आणि अमक्याला इतके द्या अशी चिठ्ठी लिहू लागले. हाती राहिलेल्या सर्वांत जुन्या चिठ्ठ्यांपैकी एक १६५९ सालची, क्लेटन आणि मॉरिस यांच्या पेढीवर काढलेली, चारशे पौंडांची. या मंडळींचा मोठा व्यवहार राजाशी होता आणि तोच त्यांना भोवला. १६७२ च्या जानेवारीत दुसऱ्या चार्ल्सने डच युद्धाच्या तयारीसाठी एक्स्चेकरमधून कर्जाची परतफेडच थांबवली. बारा-तेरा लाख पौंड अडकले, कितीतरी सोनार बुडाले आणि त्यांच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या सामान्य विधवा-म्हाताऱ्याही. जी कचेरी शेरीफांना जाब विचारी, तिला जाब विचारणारं कुणी नव्हतं. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली त्यामागे राजाच्या शब्दावरचा हा उडालेला विश्वासही होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ हे नाव आलं ते मुळात चिठ्ठीला नव्हे, स्थळप्रतीला. कागद नागमोडी कापायचा, अर्धा बँकेत ठेवायचा, आणि चिठ्ठी परत आली की कड जुळवून बघायची. खोटेपणाला शह देणारा तो तुकडा, म्हणून ‘चेक’. लाकडी काठीची जुनी युक्ती कागदावर उतरली होती. १७१७ पासून बँक ऑफ इंग्लंड नक्षीदार छापील कागद देऊ लागली, म्हणजे नक्कल करणं अवघड. हळूहळू नाव स्थळप्रतीवरून सरकून चिठ्ठीलाच चिकटलं.

मग स्पेलिंगचा प्रश्न. बँकव्यवहारावर पुस्तकं लिहिणाऱ्या जेम्स गिलबर्टने १८२० च्या दशकात सांगितलं की बहुतेक लोक साध्या ‘चेक’सारखंच लिहितात, पण मी ‘एक्स्चेकर’च्या धर्तीवर लिहिणार, म्हणजे दुसऱ्या अर्थांशी घोटाळा होणार नाही. ब्रिटनने ते मानलं, अमेरिकेने नाही. बँकेच्या स्लिपवर आपण जे स्पेलिंग लिहितो, त्याच्या शेपटीत फिट्झनीलचं टेबल असं आजवर टिकलं आहे.

आपल्याकडे चेक आला तेव्हा त्याची जागा रिकामी नव्हती, हुंडी होती. पेशवाईत उत्तरेतल्या मोहिमांचा पैसा पुण्याला सावकारांच्या हुंड्यांवरून येई. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुद्दती हुंडी ठरल्या मुदतीला. १८८१ साली असल्या कागदांसाठी झालेल्या कायद्यात चेकची व्याख्या झाली, पण देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्या कायद्याने तसेच राहू दिले. मराठी माणसाने तर नवा पाहुणा जुन्याच ओसरीवर बसवला. हुंडी वटायची, म्हणून चेकही वटू लागला. चेक वटला, चेक वटला नाही. सरकारी मराठीने ‘धनादेश’ हा नीटस शब्द घडवला आणि तो कागदोपत्री रुळलाही, पण वटणं हुंडीचंच राहिलं.

या कुटुंबात काही तोतयेही आहेत. इंग्रजीत मित्राला ‘मेट’ म्हणतात, त्याचा ‘मात’शी संबंध नाही. तो जर्मन घराण्यातला, एका ताटात जेवणारा. आणि देवनागरीत लिहिलं की चेक प्रजासत्ताकाचा ‘चेक’ही अगदी असाच दिसतो, पण तो तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे.

लाकडी काठ्यांचा शेवट मात्र सांगायलाच हवा. सहा शतकं आणि वर काही वर्षं त्या वापरात होत्या. १७८३ च्या सुमारास पार्लमेंटने त्या बंद करायचं ठरवलं, पण जुने मानकरी हयात असेपर्यंत पद्धत चालू ठेवली. ती १८२६ साली थांबली. वेस्टमिन्स्टरमध्ये काठ्यांचे ढीग पडून होते. गरिबांना जळण म्हणून वाटता आले असते, त्याऐवजी दोन गाड्या भरतील इतक्या काठ्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायचा हुकूम झाला. १६ ऑक्टोबर १८३४. दोन मजुरांनी दिवसभर काठ्या आत सारल्या. दुपारी सभागृह पाहायला आलेल्यांना पायांखालची फरशी तापलेली जाणवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास ज्वाळा बाहेर पडल्या आणि रात्रभरात पार्लमेंटची दोन्ही सभागृहं बेचिराख झाली. गज आणि पौंड यांची देशाची प्रमाण मापंही त्या आगीत गेली. नदीच्या पलीकडून हजारो लोक बघत होते, त्यांत चित्रकार टर्नर होता. शेजारचं जुनं वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचलं. जळणाऱ्या त्या खाचांत कितीतरी शेरीफांची सुटका आणि कितीतरी गावांचा घाम मोजलेला होता.

शब्दाला आगीने काही झालं नाही. तो जिथे काही अडवून ताडून पाहायचं तिथे जात राहिला. मुंबईच्या हद्दीवर मुलुंडला ट्रक अडवून जकात घेत, तिथे तो मराठी ‘नाक्या’ला जोडला गेला. १ जुलै २०१७ पासून मुंबईतली जकात संपली, ट्रकांच्या रांगा गेल्या. ठाण्याकडून येणाऱ्या बसमध्ये कंडक्टर अजूनही आरोळी देतो, ‘चेकनाका, चेकनाका!’, आणि दाराशी उभी असलेली माणसं पिशव्या सावरून उतरायला लागतात.